स्टेशनमास्तरांची शटल

स्टेशनमास्तरांनी रेल्वेत एक दिवसही नोकरी केली नव्हती. त्यांची सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात, बॉयलरच्या धगीत गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी नागपुरात हुडकेश्वरला आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतीत, घर बांधलं आणि बघता बघता त्यांचं देवराव हे नाव मागे पडून ते स्टेशनमास्तर झाले. कारण एकच. लेआउटमधलं कोणीही परगावाहून येणार असलं की त्याला घ्यायला हे हजर. रेल्वे स्टेशन असो, बसस्टँड असो, नाहीतर विमानतळ असो. येणारा आपला कोण लागतो, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. नव्याने राहायला आलेले लोक त्यांना रेल्वेतलेच समजून आरक्षणाबद्दल सल्ला विचारत आणि हेही मोठ्या गांभीर्याने सल्ला देत. तो बहुधा चुकीचा निघे.

घ्यायला जाण्याची त्यांची एक रीत होती. स्टेशनबाहेर थांबणं त्यांना पसंत नव्हतं. "बाहेर तं ऑटोवाले बी उभे राह्यतात," असं म्हणत ते प्लॅटफॉर्म तिकीट काढून आत जात आणि आपला डबा जिथे येईल असं त्यांना वाटे तिथे उभे राहत. डबा नेमका दुसऱ्या टोकाला यायचा. मग हे गर्दीतून धापा टाकत यायचे, आपल्या हातातली बॅग जवळजवळ हिसकावून घ्यायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "जेवली का?" प्रवास कसा झाला, गाडीला उशीर का झाला, यात त्यांना काडीचा रस नव्हता. मी शाळेत मराठी शिकवत होते. आई गेल्यापासून घरात एकटीच आहे. सुट्टीत पुण्याला बहिणीकडे जायचे आणि परत आले की स्टेशनवर हे उभे. मी एकदा वैतागून म्हटलं, "अजी काका, मी काय लहान आहे का?" तर बॅग स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये बसवत म्हणाले, "लहानायले तं सगळेच घ्याले जातात वं. मोठ्यायले कोण जाते?" मी मुकाट्याने मागे बसले. मराठीच्या बाईंना कोणी धडा द्यावा, हे क्वचितच घडतं.

या उत्साहात कधीकधी घोटाळेही होत. समोरच्या घरातल्या रिटायर्ड बँकवाल्यांचे नवे जावई येणार होते आणि त्यांना घ्यायला अर्थातच स्टेशनमास्तर गेले. जावयांना त्यांनी फक्त लग्नात, तेही मुंडावळ्यांआडून पाहिलेलं. सूटकेस घेऊन भांबावल्यासारखा उभा असलेला एक तरुण त्यांनी हेरला, "या जावईबापू" म्हणून त्याची सूटकेस उचलली आणि थेट घरी आणलं. तो बिचारा इतका सभ्य, की पोहे खाऊन चहा संपेपर्यंत काही बोलला नाही. तोही कोणाचा तरी जावईच होता, आणि सासरहून घ्यायला येणारे काका त्याच्याही ओळखीचे नव्हते. खरे जावई तोवर ऑटो करून दारात येऊन उभे राहिले. बँकवाले पुढे कितीतरी दिवस यावरून त्यांना टोमणे मारत होते. स्टेशनमास्तरांना त्याचं काही वाटलं नाही. "त्याले बी कोणी तरी आलं ना घ्याले," एवढंच ते म्हणाले आणि त्या परक्या जावयाला स्कूटरवर बसवून त्याच्या सासरी सोडून आले.

एकदा मी त्यांना सरळच विचारलं, "काका, हे सगळं कशासाठी? कंटाळा नाही येत?" तेव्हा ते जरा विचार करून म्हणाले, "माणूस गाडीतून उतरते ना वं शोभा, तवा थोडा वेळ तो कोणाचाच नसते. तिकडून निघून गेला, इकडं अजून आला नाही. तेवढ्या वेळात त्याले आपलं माणूस दिसलं पाह्यजे." नोकरीसाठी ते काटोलकडच्या आपल्या खेड्यातून पहिल्यांदा नागपूरला आले, तेव्हा त्यांना घ्यायला कोणी येणार नव्हतं. हे त्यांना ठाऊक होतं. तरी उतरल्यावर ते फलाटावर उभे राहून माणसांचे चेहरे पाहत राहिले, आणि सगळा फलाट रिकामा झाल्यावर चालू लागले. हे त्यांनी मला शेंगा सोलता सोलता सांगितलं, जसं काही दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत होते. त्यानंतर मी त्यांना 'येऊ नका' म्हणणं सोडून दिलं.

ते ज्या गाडीने आले तिला त्या बाजूचे सगळे लोक शटल म्हणत. प्रत्येक स्टेशनवर थांबत जाणारी साधी पॅसेंजर गाडी. संत्र्यांच्या टोपल्या, दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं, माहेरी निघालेल्या बाया, सगळं तिच्यात कोंबलेलं असायचं. नोकरी लागल्यावरही ते सुट्टीला गावी जायचे ते शटलनेच, आणि पुढे मुलगा पंकज झाल्यावर त्याला खिडकीत बसवून न्यायचे. शटल हा शब्द ते आजोळचं नाव घ्यावं तसा घेत. बाहेरच्या जगात या शब्दाचा काही वेगळा अर्थ असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं. हे एवढं लक्षात ठेवा. वर्गात मी हे वाक्य म्हटलं की मुली खाली माना घालून लिहून घेत आणि विसरून जात.

पंकज शिकला, पुण्यात नोकरीला लागला, मग जर्मनीला गेला. तिथेच त्याने लग्न केलं. काकू गेल्या तेव्हा तो येऊन गेला आणि घरात हे एकटेच उरले. स्टेशनमास्तरांना आता रोजचा आधार होता तो इतरांच्या येण्याजाण्याचा, आणि नेमका तोच आटला. मोबाइलवर बोट दाबलं की दारात गाडी उभी राहू लागली. मेट्रो आली. ते फाटकाशी उभे राहून विचारायचे, "काहून गा, मुलगा कधी येऊन राह्यला? घ्याले जाऊ का?" आणि लोक म्हणायचे, "नको काका, कॅब केली त्यानं." सगळे प्रेमानेच म्हणायचे. म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास! पण असं उत्तर मिळालं की ते फाटकाची कडी उगीच वर-खाली करत राहायचे. काही वेळा दुपारी स्कूटर काढून ते निघायचे आणि संध्याकाळी परत यायचे. कुठे गेला होतात म्हटलं तर म्हणायचे, "असाच. स्टेशनावर चहा चांगला भेटते." कोणी येणार नसतानाही ते तिथे जाऊन बाकावर बसायचे. मी एकदा बसमधून जाताना त्यांना स्टेशनच्या दाराशी, बाहेर येणाऱ्या माणसांकडे पाहत उभं असलेलं पाहिलं. मी उतरले नाही. उतरून काय बोलणार होते?

मग पंकजने त्यांना तीन महिन्यांसाठी बोलावलं. तिकीट आलं, व्हिसा झाला. माझ्या मोबाइलवरून त्यांचं व्हिडिओवर बोलणं व्हायचं, कारण त्यांच्या फोनवरून समोरच्याला फक्त यांचं कपाळ दिसे. त्या दिवशी पंकज म्हणाला, "बाबा, तुम्ही पोचाल त्या दिवशी ऑफिसमध्ये माझं फार मोठं काम आहे. मला निघता येणार नाही. पण काही कठीण नाही. विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे, ट्रेनने येऊ शकता. किंवा शटल आहे. कोणतं बरं वाटतं ते सांगा, मी बुक करून ठेवतो."  स्टेशनमास्तर म्हणाले, "पाहून सांगतो ना बेटा."

फोन बंद झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "ट्रेन आन शटलमंधी काय फरक आहे वं? एक्स्प्रेस आन पॅसेंजर?"

मला हसू आलं. मी सांगितलं, की तिकडे शटल म्हणजे आठ-दहा माणसांची मोटार. ड्रायव्हर नावाची पाटी घेऊन दाराशी उभा राहतो आणि प्रत्येकाला त्याच्या घरापर्यंत सोडतो. त्यांना पटेना. शटल आणि तिला रूळ नाहीत! मी कागदावर चित्र काढून दाखवलं, मोटार, ड्रायव्हर, हातात पाटी. चित्र त्यांनी नीट पाहिलं आणि घडी करून खिशात ठेवलं. माझ्या चित्रकलेची इतकी कदर आजवर कोणी केली नव्हती.

पुढचे काही दिवस लेआउटमध्ये दुसरा विषय नव्हता. बँकवाले ट्रेनच्या बाजूचे. ट्रेन वेळेवर असते, रस्त्यावर अडकायचा प्रश्न नाही, आणि माणसाने जगात स्वतःच्या पायावर चालावं, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः बंगलोरच्या पुढे गेलेले नव्हते. त्यांची सून परदेशात शिकून आलेली. ती म्हणाली, "काका, मधे एकदा गाडी बदलावी लागेल, तिकीट आधी मशीनमधून काढावं लागतं, आणि तुमच्याजवळ सामान. शटलच घ्या. डोळे मिटून घरापर्यंत." स्टेशनमास्तर दोघांचंही ऐकून घेत, मान डोलावत, आणि संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसत. एके दिवशी म्हणाले, "हे सगळे सामानाचं बोलून राह्यले, तिकिटाचं बोलून राह्यले. मले एक सांग. दोहीमंधी घ्याले कोण येते?"

मी पाहतच राहिले. म्हटलं, "अजी, मग सरळ सांगा ना पंकजला, तूच ये म्हणून."

"सांगितल्यावर आलेल्या माणसाले काय घ्याले आला म्हंतेत?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मी कधी कोणाले विचारलं, येऊ का म्हणून? विचारलं तं लोक नाहीच म्हंतेत."

"मग मी सांगू?"

"खबरदार."

शेवटी त्यांनी शटल ठरवली. पंकजला कळवताना म्हणाले, "शटलच बरी. कोणी तं उभं राह्यते." पंकजला त्यातलं काही समजलं असेल असं मला वाटलं नाही. त्याने लगेच बुक केली आणि सगळी माहिती माझ्या फोनवर पाठवली.

त्यांना विमानतळावर पोचवायला मी गेले. आजवर हजारदा दुसऱ्यांना घ्यायला जाणारा हा माणूस स्वतः जाताना अगदी अवघडून गेला होता. बॅग कोणाला द्यायची की स्वतः धरायची, तेच त्यांना कळत नव्हतं. व्हीलचेअर नको म्हणाले, "मी का लंगडा आहो?" आत जाताना त्यांनी वळून पाहिलं, पुन्हा वळून पाहिलं, आणि मग एका मोठ्या कुटुंबाच्या मागे दिसेनासे झाले. मी ऑटोने घरी आले. त्यांच्या फाटकाला कुलूप होतं. त्या रस्त्यावर इतकी शांतता आधी कधी होती, मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंकजचा फोन आला.  "मावशी, बाबांचा काही फोन? विमान केव्हाच उतरलं. शटलवाला म्हणतो, तुमचा पाहुणा आलाच नाही. त्यांचा फोन लागत नाही." मी म्हटलं, नाही रे, काही नाही. तो म्हणाला, मी निघतोय. मी देवापुढे दिवा लावला, जो मी एरवी लावत नाही, आणि फोन मांडीवर घेऊन बसले. बऱ्याच वेळाने पुन्हा त्याचाच फोन. आता तो हसत होता. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता. "सापडले! खाली रेल्वेच्या फलाटावर बाकावर बसले होते. मी म्हटलं, बाबा, शटल तर बाहेर उभी होती! तर म्हणाले, मले वाटलं शटल म्हंजे आपली काटोलची शटल. मावशी, काटोलची शटल! जर्मनीत!" मागून स्टेशनमास्तरांचंही हसणं ऐकू येत होतं.

मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र माझ्या मनात आलं, की मी तर चित्र काढून दिलं होतं.

ते परत यायच्या आधीच ही गोष्ट लेआउटभर झाली. पंकजने ती बायकोला सांगितली, मित्रांना सांगितली, ऑफिसात सांगितली. इथे बँकवाल्यांना तर जावयाच्या जुन्या घोटाळ्याइतकाच भक्कम ऐवज हाती लागला. "काय स्टेशनमास्तर, शटल टायमावर आहे का?" असं फाटकातून जाता-येता विचारायचं आणि यांनी हसायचं, हा रोजचा क्रम झाला. पोरंसोरंसुद्धा विचारायची. ते प्रत्येक वेळी तितकंच हसत. त्यांच्या बावळटपणावर सगळं गाव हसतंय आणि ते त्यात सामील आहेत, हे मला बघवत नसे. चेष्टा करण्यात मी कोणाच्या मागे नाही, पण ही मला बोचू लागली.

एका दुपारी मी सांबारवड्या केल्या होत्या, कोथिंबिरीचं तिखट सारण भरलेल्या. गरम खायला त्यांना बोलावलं. वडी मोडून वाफ जाऊ देत ते बसले होते, तेव्हा मी म्हटलं, "काका, तुम्हाला शटल म्हणजे काय ते ठाऊक होतं. चित्र खिशात होतं तुमच्या."

त्यांनी वडीवर फुंकर मारली. मग म्हणाले, "हव."

"मग?"

"पाटी दिसली मले. बाहेर निघाल्या निघाल्या. माह्यच नाव. स्पेलिंग बी बरोबर. तो माणूस चांगला होता वं, हसून राह्यला होता. मी समोर जाऊन उभा बी राह्यलो. पण मले असं वाटलं का, आता याच्या मांगं गेलो तं झालं. मंग पंकज कधीच नाही येणार घ्याले. माह्या जलमात नाही येणार. मंग मी सरकत्या जिन्यानं खाली गेलो आन बसलो."

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. लय वाटली. नाही आला तं काय करू, ते मले ठाऊकच नव्हतं." त्यांनी वडीचा तुकडा तोंडात टाकला आणि डोळे पुसले. वडी तिखट झाली होती, असं म्हणायला वाव होता. "येऊन राह्यला होता तं पाठीवर ऑफिसची बॅग होती त्याच्या. धावत आल्तो म्हणे. मी ती काढून घेतली त्याच्या पाठीवरून. देईच ना, पण मी घेतलीच. घरापर्यंत मंग मीच धरली. ट्रेनमंधी सारा वेळ तो बोलला माह्याशी. लहानपणी बोले तसा." मग ते म्हणाले, "त्याले नको सांगजो. हसतेत लोक तं हसू दे. हसण्यानं काय होते?"

मी 'नाही सांगत' असं वचन दिलं आणि कोणाला सांगितलं नाही.

त्यानंतर ते पुन्हा तिकडे गेले नाहीत. पंकज बोलावत राहिला, हे 'पाहू' म्हणत राहिले. मी मात्र पुण्याहून आले की कॅब सहज मिळत असूनही त्यांना गाडीची वेळ कळवत राहिले. आता स्कूटर नव्हती, ते मेट्रोने यायचे आणि आम्ही दोघं मेट्रोने परत जायचो. माझी बॅग त्यांच्या हातात, आणि त्यांचा हात माझ्या खांद्यावर, कारण गुडघे दुखायचे. कोण कोणाला घ्यायला आलं होतं, हे पाहणाऱ्याला सांगता आलं नसतं.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं, आणि चार दिवसांत आटोपलं. पंकज निघाला तेव्हा ते होते, पोचला तेव्हा नव्हते. मी त्याला घ्यायला जाणार होते, पण कुठल्या विमानाने येतो हे त्याने कळवलंच नाही. कळवावं असं कोणी इथे आहे, हे त्याला वाटलं नसावं. कॅबमधून उतरून, एकच छोटी बॅग घेऊन तो फाटकातून आत आला, तेव्हा अंगणातली सगळी माणसं बाजूला सरकली आणि त्याला एकट्याला वाट करून दिली.

तेराव्याला जेवणं झाल्यावर लोक बसले होते. अशा वेळी माणसं गेलेल्याच्या गमती काढतात, तशा काढल्या. बँकवाल्यांनी परक्या जावयाची गोष्ट सांगितली. मग पंकजने शटलची सांगितली. काटोलची शटल, जर्मनीच्या फलाटावर. त्याने ती फार छान सांगितली, वडिलांच्या आवाजाची नक्कल करून. सगळे हसले, काहींनी डोळे पुसले. "साधा माणूस," कोणी तरी म्हणालं. "हो, बाबांना काही कळायचंच नाही," पंकज म्हणाला.

सगळे गेल्यावर मी पत्रावळी गोळा करत होते. तो मदतीला आला. खाली वाकल्या वाकल्याच म्हणाला, "मावशी, बाबांनी पाटी पाहिली होती."

मी पुढची पत्रावळ उचलली.

"मी त्यांना शोधत होतो तेव्हाच ड्रायव्हरने मला फोनवर सांगितलं होतं. एक म्हातारा समोर येऊन उभा राहिला, पाटीवरचं नाव वाचलं. ड्रायव्हरने विचारलं, तुम्हीच का हे? तर ते नो नो म्हणाले. आणि मावशी, त्यांच्या हातातल्या खोक्यावर चारी बाजूंनी तेच नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेलं."

ते खोकं मीच बांधलं होतं. त्यात संत्रा बर्फी होती, पापड होते, आणि हरवू नये म्हणून मीच जाड पेनने त्यावर त्यांचं नाव लिहिलं होतं. विमानतळावर आपल्याकडच्या प्रत्येक माणसाच्या खोक्यावर असतं तसं.

"मग तू ही गोष्ट सगळ्यांना अशी का सांगत होतास? इतकी वर्षं?"

"दुसरं काय सांगू? मी घ्यायला येत नव्हतो म्हणून माझा बाप परक्या देशात लपून बसला, हे सांगू?" त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "त्यांनी ती काटोलची शटल काढली ना, मी हसलो. मला वाटलं, आपण हसलो की त्यांची सुटका होईल. मग ते हसले. मग ते तसंच चालू राहिलं. दरवेळी मी ठरवायचो, की आता विचारतो. दरवेळी ते आधीच हसायला लागायचे."

तो ओट्यावर बसला. पत्रावळींचा गठ्ठा त्याच्या मांडीवर तसाच होता. "तुम्हाला काही बोलले होते?"

वचन दिलं होतं, तरी मी ते मोडलं. ज्याला दिलं तो राहिला नव्हता आणि ज्याच्यापासून लपवायचं त्याला सगळं ठाऊक होतं. मी म्हटलं, "हो. तिकडून परत आल्यावर एका दुपारी, माझ्याकडे वड्या खाऊन निघताना, चपला घालता घालता म्हणाले होते. तू जिना उतरताना त्यांना दिसलास, तेव्हाचं. म्हणाले, 'विमान तं केव्हाच उतरलं होतं वं शोभा. पण पंकज दिसला ना, तवा मी पोचलो.'"

पंकज रडला. मोठी माणसं रडतात तसा, चेहरा एका बाजूला वळवून. मी त्याच्याजवळ बसून राहिले. आत कोणी तरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता.

तो परत गेला. घर त्याने भाड्याने दिलं आहे. नवरा-बायको दोघं नोकरीला जातात, माणसं चांगली आहेत. मागच्या महिन्यात मी पुण्याहून आले. फलाटावर उतरले, जिने चढून बाहेर आले, कॅब लगेच मिळाली. घरी येऊन कुलूप काढलं, दिवे लावले, चहा करून प्याले. बॅग अजून दाराशीच होती. ती आत न्यायला मी उठत नव्हते. घरात येऊन बसले होते, पण पोचले नव्हते.